तान्ह्यांच्या हृदयाला मोठ्यांचं औषध का लागू पडलं नाही?

तान्ह्या बाळाचं हृदय थकतं, तेव्हा ते छातीला हात लावून दाखवत नाही. ते दूध पिताना दमतं. चार घोट ओढतं, थांबतं, धापा टाकतं. कपाळावर घाम फुटतो आणि पोट भरायच्या आधीच डोळे मिटतात. श्वास घेताना पोट उडत राहतं. वजन वाढत नाही, बाळ काही केल्या बाळसं धरत नाही. घरात कोणी म्हणतं दूध अंगी लागत नाही, कोणी म्हणतं दृष्ट लागली. पुष्कळदा हे सगळं जन्मानंतर लगेच दिसत नाही. महिना-दीड महिन्यानं, बाळंतीण अजून माहेरीच असताना सुरू होतं.

या उशिराला कारण आहे. समजा, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे. जन्माच्या वेळी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे छिद्रातून फारसं रक्त पलीकडे जात नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या वाहिन्या सैल होतात आणि डाव्या कप्प्यातलं रक्त जोरानं उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत लोटू लागतं. शरीराकडे जायचं रक्त तिथल्या तिथेच फिरत राहतं. हृदय दुप्पट राबतं, तरी शरीराला पुरत नाही. डॉक्टर ज्याला 'हार्ट फेल्युअर' म्हणतात ते हेच. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही. शरीराची गरज भागवताना त्याची दमछाक होते आहे, इतकाच.

या बाळाच्या हृदयाचा स्नायू मुळात चांगला दणकट आहे. छिद्र वेळेत बुजवलं की बहुतेक बाळं पुढे छान वाढतात. मोठ्या माणसात चित्र वेगळं असतं. तिथे बहुधा हृदयाची रक्तवाहिनी तुंबून स्नायूचा भाग मेलेला असतो, किंवा वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानं तो थकलेला असतो. मुलांमध्येही स्नायूचाच आजार असतो, नाही असं नाही. काही बाळं तर रक्त पंप करणारा एकच धड कप्पा घेऊन जन्माला येतात. नाव एकच, 'हार्ट फेल्युअर', पण आत चाललेल्या गोष्टी निरनिराळ्या. दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. भारतात हा आकडा वर्षाला दोन लाखांच्या वर जातो असा अंदाज आहे, आणि त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात. इतक्या मुलांसाठी आपण औषधं कुठून आणली? बहुतेक सगळी मोठ्यांकडून.

यातली सर्वांत बोलकी कहाणी 'बीटा-ब्लॉकर' गटातल्या औषधांची आहे. आपण घाबरतो, पळतो, तेव्हा शरीरात ॲड्रेनालिन आणि त्याच्या जातीची रसायनं वाढतात. हृदयाच्या पेशींवर ती पकडणारी ग्राहकं असतात, त्यांना बीटा-ग्राहक म्हणतात. रसायन तिथे चिकटलं की ठोके वाढतात, आकुंचनाचा जोर वाढतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात ही ग्राहकं अडवणारं प्रोप्रॅनोलॉल तयार केलं. १९८८च्या नोबेलमागे हे काम होतं. थकलेल्या हृदयाला मात्र हे औषध द्यायचं नाही, असाच तेव्हाचा दंडक होता. आधीच कमजोर हृदयाचा जोर आणखी कशाला कमी करायचा?

स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या फिन वॉगस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली हा दंडक मोडला. स्नायू कमजोर झालेल्या मोजक्या रुग्णांना त्यांनी बीटा-ब्लॉकर दिले आणि त्यांची तब्येत सुधारली. थकलेल्या बैलाला शरीर ॲड्रेनालिनचा आसूड मारत असतं आणि औषध तो आसूड थांबवतं, असं त्यामागचं तत्त्व. लोकांना ते पटायला वीस-पंचवीस वर्षं लागली. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांत या गटातल्या दोन वेगवेगळ्या औषधांनी मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच, ३४ टक्क्यांनी घटवलं. हृदयरोगात इतकं ठळक यश क्वचित मिळतं.

मग मुलांना का देऊ नये? बालहृदयतज्ज्ञ ते देऊ लागलेच होते. ते खरंच उपयोगी पडतंय का, हे तपासणारी अमेरिकेतली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. १६१ मुलं आणि किशोरवयीन रुग्ण होते. काहींना कार्व्हेडिलॉल हा बीटा-ब्लॉकर, काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय मात्रा, आठ महिने. निकाल असा: औषध घेतलेल्यांपैकी ५६ टक्के सुधारले आणि निष्क्रिय मात्रा घेतलेल्यांपैकीही ५६ टक्केच.

यावरून 'औषध निरुपयोगी' असा शिक्का मारणं घाईचं ठरेल. मुलांची संख्या कमी होती, आणि आपोआप सुधारणाऱ्या मुलांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. इतक्या थोड्या मुलांत लहानसा फायदा असलाच तरी तो दिसला नसता. शिवाय आकडे उलगडून पाहिले तेव्हा एक धागा हाती लागला. ज्यांच्या शरीराला डावा कप्पा रक्त पुरवत होता त्यांचा कल थोडा सुधारण्याकडे होता. उजव्या किंवा एकुलत्या कप्प्यावर भिस्त असलेल्यांचा नव्हता. माझ्या मते या चाचणीची खरी कमाई इथे आहे. पाठोपाठ २०१० साली आणखी एक निकाल आला. एकच कप्पा असलेल्या २३० तान्ह्या बाळांच्या चाचणीत मोठ्यांचं दुसरं भरवशाचं औषध, एनालाप्रिल, वाढीत किंवा हृदयाच्या कामात काहीच फरक पाडू शकलं नाही.

आता संशोधक थेट स्नायूकडे वळले. प्रत्यारोपणाच्या वेळी मुलाचं निकामी हृदय काढावं लागतं. पालकांच्या संमतीनं त्याचे तुकडे गोठवून जपता येतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात असा साठा गेली अनेक वर्षं जमतो आहे. त्यावर काम करणाऱ्या गटानं मोठ्यांची आणि मुलांची निकामी हृदयं शेजारी शेजारी ठेवून तपासली. हृदयात मुख्यतः दोन प्रकारचे बीटा-ग्राहक असतात. मोठ्यांच्या थकलेल्या हृदयात पहिला प्रकार घटतो, दुसरा टिकून राहतो. मुलांच्या हृदयात दोन्ही घटलेले आढळले. म्हणजे औषधानं जिथे जाऊन बसायचं, ती जागाच मुलांमध्ये वेगळी मांडलेली आहे. वजनाला भागून मात्रा लहान केली, तरी हा फरक भरून निघत नाही.

एवढ्यावर बीटा-ब्लॉकर आणि मुलं हा विषय संपायला हवा होता. तो अगदी वेगळ्या दारातून परत आला.

मोठ्या माणसाच्या हृदयाच्या पेशी जवळपास वाढत नाहीत. स्टॉकहोममधल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली हे मोजलं, आणि त्यासाठी शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्यापेक्षा कमी. याउलट, एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं तरी ते पुन्हा वाढतं. सात दिवसांच्या पिल्लात ही ताकद उरत नाही, असं २०११ साली दिसलं. आयुष्यभर पुरवायची पेशींची पुंजी जन्माच्या आगेमागेच जमते.

मग जन्मजात दोष असलेल्या बाळात ही पुंजी नीट जमते का? पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातले बर्नहार्ड क्यून आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली याचं उत्तर शोधलं. त्यांनी 'फॅलोट्स टेट्रालॉजी' हा दोष निवडला. पडद्याला छिद्र, फुप्फुसांकडे जाणारा मार्ग अरुंद, ओठ-नखं निळी पडणारं बाळ. या दोषावर १९४४ साली बाल्टिमोरला पहिली आराम देणारी शस्त्रक्रिया झाली, १९५४ साली मिनेसोटात पहिल्यांदा हृदय उघडून दुरुस्ती झाली. आज ही मुलं मोठी होतात, शिकतात, संसार करतात. तरीही चांगल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना हार्ट फेल्युअरचा धोका आयुष्यभर राहतो. का, याचं समाधानकारक उत्तर नव्हतं.

क्यून यांच्या गटानं अशा एका बाळाला नायट्रोजनच्या निरुपद्रवी समस्थानिकानं खूण केलेला डीएनएचा घटक दिला आणि नंतर त्याच्या हृदयाच्या ऊतीत ती खूण शोधली. पेशी विभाजनाला सुरुवात करत होत्या, केंद्रक दोन होत होते, पण शेवटी पेशी दुभंगायची तेवढं राहून जात होतं. दोन केंद्रकांची एकच पेशी तयार होत होती आणि अशी पेशी पुढे सहसा विभागत नाही. दुभंगण्यासाठी लागणारं 'ईसीटी२' हे जनुक दबलेलं होतं, आणि ते दाबणारी साखळी सुरू होत होती बीटा-ग्राहकांपासून. नवजात उंदरांना प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर पेशी पूर्ण दुभंगू लागल्या, हृदयातल्या पेशींची संख्या वाढली. ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका घडवून आणला, तेव्हा त्यांची हृदयं त्यातून जास्त चांगली सावरली. टेट्रालॉजीच्या बाळांच्या पेशीही प्रयोगशाळेत या औषधाच्या सान्निध्यात विभागल्या.

हे वाचून मी खरोखर थरारून गेले. ज्या ग्राहकांना मोठ्यांमध्ये ठोक्यांसाठी अडवायचं, त्यांनाच तान्ह्या वयात पेशी वाढवण्यासाठी अडवता येईल, ही शक्यता विलक्षण आहे. आणि औषध नवं नाहीच. टेट्रालॉजीची बाळं एकदम काळीनिळी पडतात, ते झटके आवरायला प्रोप्रॅनोलॉल कित्येक वर्षं देतात. त्वचेवरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठींसाठी तर २००८ पासून ते तान्ह्यांना सर्रास दिलं जातं.

पण कोणत्याही पालकानं यावरून औषध मागायला जाऊ नये. उंदीर म्हणजे बाळ नव्हे, काचपात्र म्हणजे छाती नव्हे. प्रोप्रॅनोलॉलनं तान्ह्यांची रक्तातली साखर आणि ठोके उतरू शकतात, आणि दम लागलेल्या बाळाला ते चुकीच्या वेळी दिलं तर घातक ठरू शकतं.

महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. पेशी वाढण्याचा काळ पहिल्या काही महिन्यांचा, आणि आपल्याकडे निदान तिथेच मागे पडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात आणि जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. पण दीड महिन्याचं बाळ अंगणवाडीत नसतं, ते आजोळी असतं. त्याला दूध पिताना घाम येतो का, हे विचारायला तिथे आशाताईच पोहोचू शकते, आणि हा प्रश्न विचारायला कोणतंही यंत्र लागत नाही.

संशोधनापुढची अडचण याहून कठीण आहे. जिवंत बाळाच्या हृदयातल्या पेशी मोजता येत नाहीत. औषध दिलं आणि पुंजी वाढली की नाही, हे कळायला एकतर शस्त्रक्रियेत निघणाऱ्या स्नायूच्या कणभर तुकड्यावर विसंबावं लागेल, किंवा त्या मुलांच्या मागे तीस-चाळीस वर्षं राहावं लागेल. अशी चाचणी आज आखणारे डॉक्टर तिचा शेवटचा निकाल येईल तेव्हा बहुधा निवृत्त झालेले असतील.