पीक-अनुदान, काउंटीनिहाय (अमेरिका)

ठरावीक पिकांच्या जमिनीवर अमेरिकेचे संघीय सरकार मालकाला वा कसणाऱ्याला देते ती रक्कम. मका, गहू, सोयाबीन, कापूस, भात व भुईमूग ही त्यांतील प्रमुख पिके. फळे व भाजीपाला सामान्यतः या योजनांबाहेर राहतात. पैसा वॉशिंग्टनचा असला, तरी नोंदी व अर्ज काउंटीच्या, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कार्यालयात होतात आणि तिथल्या शेतकऱ्यांनी निवडलेली समिती त्यांवर देखरेख ठेवते.

योजनेचे मूळ १२ मे १९३३ च्या कृषी समायोजन कायद्यात आहे. पेरा घटवणाऱ्याला मोबदला देण्याची त्यामागील कल्पना कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. कृषिअर्थतज्ज्ञ विल्यम स्पिलमन यांच्या १९२७ च्या लेखनात तिचा आराखडा सापडतो. हार्वर्डचे जॉन ब्लॅक यांनी १९२९ मध्ये तिला पद्धतशीर मांडणी दिली आणि मोंटॅनाचे एम. एल. विल्सन यांनी १९३२ पर्यंत ती राजकारण्यांच्या गळी उतरवली. श्रेय बहुधा विल्सन यांना दिले जाते. मूळ कल्पनेपुरते पाहता स्पिलमन यांचा दावा जड वाटतो. स्थानिक समित्यांमार्फत अंमलबजावणीचा आग्रह मात्र विल्सन यांचाच. गव्हाच्या योजनेत प्रत्येकाने सांगितलेला पेरा व उत्पादन काउंटीच्या वर्तमानपत्रात छापले जाई. शेजाऱ्याला आकडा फुगवलेला दिसला, तर तक्रार तिथल्या तिथे होई. सर्वोच्च न्यायालयाने ६ जानेवारी १९३६ रोजी, शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्यांवरील कराच्या प्रकरणात, ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. मृदसंधारणाच्या नावाने ती त्याच वर्षी परतली.

पैसा मालकाकडे झुकण्याची प्रवृत्ती आरंभापासूनची आहे. १९३४-३५ च्या कापूस करारात, पडीक ठेवलेल्या जमिनीच्या नेहमीच्या कापूस-उत्पादनावर प्रतिपौंड साडेचार सेंटांपैकी सुमारे चार मालकाला आणि अर्धा सेंट अर्धेलीने कसणाऱ्याला, अशी विभागणी होती. पेरा घटल्यावर अनेक मळ्यांवरून कुळेही हटवली गेली. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सॉ राज्यातील पॉइनसेट काउंटीत, टायरोन्झा येथे, गोऱ्या व काळ्या कुळांनी मिळून संघटना स्थापली, ती याच असंतोषातून.

१९९६ च्या कायद्याने रक्कम चालू पिकापासून तोडली. तेव्हापासून हिशेब होतो तो ‘बेस एकर’वर, म्हणजे त्या शेताच्या नावे पूर्वीच्या पेऱ्यावरून नोंदलेल्या क्षेत्रावर. समजा, मक्याचे शंभर बेस एकर आहेत, नोंदलेला उतारा एकरी १२० बुशेल (धान्याचे माप) आहे आणि बुशेलमागे बाजारभाव कायद्याने ठरलेल्या संदर्भ किमतीहून २० सेंटांनी खाली गेला. रक्कम क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर मिळते, म्हणून ८५ × १२० × ०.२० = २,०४० डॉलर. त्या वर्षी तिथे प्रत्यक्षात सोयाबीन असले, तरी हिशेब हाच. २००२ नंतरच्या थेट रकमांना तर भाव पडण्याचीही अट नव्हती. टेक्ससमध्ये जुन्या भातजमिनीवर घरे बांधून राहणाऱ्यांनाही त्या मिळत असल्याचे २००६ मध्ये उघड झाले. २०१४ च्या कायद्याने त्या बंद केल्या.

त्याच कायद्याने भावावर आधारलेल्या योजनेसोबत काउंटीच्या उत्पन्नावर आधारलेला पर्यायही आणला. उतारा व भाव यांच्या पाच वर्षांच्या आकड्यांतून सर्वांत मोठा व सर्वांत लहान वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. तीतून येणाऱ्या आधार-उत्पन्नाच्या ८६ टक्क्यांखाली काउंटीचे प्रतिएकरी उत्पन्न गेले, तर भरपाई मिळे. २०२५ च्या पिकापासून ही मर्यादा ९० टक्के आहे. उतारा काउंटीचा, भाव देशाचा. त्यामुळे काउंटीत पीक उत्तम असताना एकट्याच्या शेतावर गारा पडल्या, तर या योजनेतून काही मिळत नाही. त्यासाठी पीकविमा वेगळा. सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकाच मगदुराच्या जमिनीला वेगळी रक्कम मिळते, ही तक्रारही जुनीच.

जमीन रोख खंडाने दिली असेल, तर रक्कम कसणाऱ्याची. बटईने असेल, तर पिकाच्या वाट्याप्रमाणे. कागदावरचा हा नियम मालकाला अडवत नाही, कारण अनुदानाचा काही भाग तो खंड वाढवून वसूल करू शकतो. तो भाग नेमका किती, यावर अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. दरमाणशी वार्षिक मर्यादा १,२५,००० डॉलर होती, ती २०२५ मध्ये १,५५,००० झाली.