ग्रेग, फॉरेस्ट

ग्रेग, फॉरेस्ट : (१८ ऑक्टोबर १९३३ – १२ एप्रिल २०१९). अमेरिकन फुटबॉलमधील श्रेष्ठ लाइनमन व नंतरचे प्रशिक्षक. येथे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा सॉकर नव्हे, आणि लाइनमन म्हणजे विजेच्या खांबावर चढणारा लाइनमनही नव्हे. चढाई करणाऱ्या संघाच्या ११ खेळाडूंपैकी पाच जण चेंडूच्या रेषेवर वाकून उभे राहतात : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल. क्वार्टरबॅकला (चढाई चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला) चेंडू फेकायला वेळ मिळवून देणे आणि धावणाऱ्यासाठी वाट फोडणे ही त्यांची कामे. एरवी पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना मुभा नसते, त्यामुळे त्यांच्या नावापुढे गुण लागत नाहीत. त्यांच्याकडे लक्ष जाते ते बहुधा त्यांची चूक झाल्यावर.

ग्रेग यांचा जन्म टेक्सस राज्यातील बर्थराइट या खेड्यात झाला. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाकडून खेळल्यावर १९५६ च्या निवडीत (विद्यापीठांतील खेळाडूंना व्यावसायिक संघ पाळीपाळीने घेतात त्या पद्धतीत) ग्रीन बे पॅकर्स या संघाने त्यांना दुसऱ्या फेरीत घेतले. १९५७ चा हंगाम लष्करी सेवेत गेला. पॅकर्स तेव्हा तळाचा संघ होता. १९५९ मध्ये व्हिन्स लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले आणि चित्र पालटले. लोम्बार्डी स्वतः फोर्डम विद्यापीठाचे गार्ड होते, म्हणजे आधी लाइनमन असलेला व मग प्रशिक्षक झालेला माणूसच ग्रेग यांना गुरू म्हणून लाभला.

उंची सुमारे १९३ सेंमी. आणि वजन ११३ किग्रॅ. हे टॅकलच्या मानाने त्या काळीही फार नव्हते. ही उणीव ग्रेग यांनी पावलांनी भरून काढली. ते उजवे टॅकल होते. उजवा टॅकल उजवा हात जमिनीला टेकवून, उजवे पाऊल किंचित मागे ठेवून बसतो. पास (चेंडू पुढे फेकण्याचा डाव) असेल तर चेंडू हलताच बाहेरचे, म्हणजे उजवे पाऊल आधी मागे जाते, डावे त्याच्यामागून सरकते आणि पावले एकमेकांना कधीच ओलांडत नाहीत. पावलांची कैची झाली की त्या क्षणी आलेला हलका धक्कासुद्धा आडवा करतो. गुडघे वाकलेले, पाठ सरळ आणि कंबर कायम प्रतिस्पर्धी व क्वार्टरबॅक यांच्या मध्ये. डोके पुढे झुकले तर समोरचा खांदा धरून खाली ओढतो आणि वरून निघून जातो. आणखी एक चोरटी चूक बसण्यातच होते. टेकलेल्या हातावर जास्त भार पडला की बोटांची पेरे पांढरी पडतात आणि समोरचा ‘आता धाव येणार’ हे ओळखतो. भार मागे गेला की ‘पास’ हे कळते. म्हणून दोन्ही वेळा तीच बैठक ठेवणे हा अर्धा खेळ.

हात वापरायला तेव्हा आजच्यासारखी मोकळीक नव्हती. मुठी मिटून छातीजवळ ठेवायच्या आणि कोपरे बाहेर काढून अंगानेच अडवायचे. हात लांब करून उघड्या पंजाने ढकलण्याची मुभा १९७८ मध्ये मिळाली. प्रतिस्पर्ध्याला धरल्याबद्दलचा दंडही जबर, संघाला १५ यार्ड मागे जावे लागे. तो १० वर आला १९७४ मध्ये. ग्रेग यांची कारकीर्द या दोन्ही सवलतींच्या आधीची आहे. बॉल्टिमोरचे जीनो मार्केटी आणि लॉस अँजेलिसचे डीकन जोन्स हे दोघेही डावे डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या रेषेच्या टोकाचे खेळाडू), म्हणजे नेमके त्यांच्या समोर येणारे. आजचे टॅकल त्यांच्या चित्रफिती पाहतात तेव्हा नियमांतला हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

पॅकर्सच्या गाजलेल्या ‘स्वीप’ या धावेत दोन्ही गार्ड रेषेतून मागे निघून उजव्या कडेला धावत आणि धावपटू त्यांच्या आडोशाने जाई. मधल्या लाइनबॅकरला (बचावाच्या रेषेमागे उभ्या खेळाडूला) आतच अडकवून ठेवण्याची जबाबदारी ग्रेग यांच्यासारख्या टॅकलवर असे. ही भिंत अर्धा क्षण उशिरा उभी राहिली तरी वाट बुजते. जेरी क्रेमर यांसारखे गार्ड जायबंदी झाले तेव्हा ग्रेग यांनी गार्डची जागाही सांभाळली. टॅकलला एका अंगाला मोकळी जागा असते, तर गार्ड दोन्हीकडून दाटलेला असतो. हे अदलाबदलीचे काम दिसते तेवढे सोपे नाही.

पॅकर्सबरोबर १९६१, १९६२, १९६५, १९६६ व १९६७ ही पाच अजिंक्यपदे, त्यांत पहिले दोन सुपर बोल (हंगामाचे अंतिम सामने). सहावे अजिंक्यपद १९७१ च्या हंगामात डॅलस काउबॉइजबरोबर. सलग १८८ सामने हा तेव्हाचा विक्रम, नऊ प्रो बोल (हंगामातील निवडक खेळाडूंचे सामने), १९७७ मध्ये हॉल ऑफ फेम या श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानदालनात स्थान. आपण शिकवलेल्यांत ग्रेग सर्वोत्तम, असे लोम्बार्डी यांनी म्हटले होते. १९६९ व १९७० मध्ये ते पॅकर्सचे खेळाडू-प्रशिक्षक होते.

सॅन डिएगो चार्जर्स आणि क्लीव्हलंड ब्राउन्स येथे लाइनचे प्रशिक्षक म्हणून काम केल्यावर १९७५ मध्ये ते ब्राउन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिला हंगाम ३-११ (तीन विजय, ११ पराभव) असा गेला, दुसरा ९-५. त्याबद्दल असोसिएटेड प्रेसचा वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा सन्मान मिळाला. तिसऱ्या हंगामाचा एक सामना उरला असताना पद गेले. १९७९ मध्ये कॅनडात टोरंटो आर्गोनॉट्सकडे ५-११.

१९८० मध्ये सिनसिनाटी बेंगल्सने त्यांना बोलावले. त्या वर्षी अँथनी मुन्योज हा तरुण टॅकल निवडीत होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमुळे अनेकांना तो धोक्याचा वाटे. ग्रेग स्वतः कॅलिफोर्नियाला गेले आणि त्याच्यासमोर पास-रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) म्हणून उभे राहिले. तेव्हा त्यांचे वय ४६. हूल देऊन ते वळू गेले आणि मुन्योजच्या हाताच्या एका ठोशाने पाठीवर आपटले. मुलगा घाबरून माफी मागू लागला. ग्रेग हसत होते. गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रातून न कळणारी गोष्ट त्यांना जमिनीवर पडल्यावर कळली होती. तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला मुन्योज पुढे ११ प्रो बोल खेळला. त्या हंगामात संघ ६-१० होता. १९८१ मध्ये १२-४ झाला.

१० जानेवारी १९८२ रोजी सिनसिनाटीत सॅन डिएगोविरुद्धचा सामना −२३° से. तापमानात, बोचऱ्या वाऱ्यात झाला. बेंगल्सची लाइन उघड्या दंडांनी उतरली. उघड्या हाताला पकड मिळत नाही हा एक भाग, पण समोरच्याला ते दिसावे हा त्याहून मोठा. बेंगल्स २७-७ ने जिंकले. ३१ डिसेंबर १९६७ ला ग्रीन बे येथे −२५° से.मध्ये खेळलेल्या माणसाला थंडीची सबब मान्य होणे शक्यच नव्हते. त्या सामन्यात गोलरेषेपासून शेवटच्या एका यार्डावर पॅकर्सचे क्वार्टरबॅक बार्ट स्टार चेंडू घेऊन क्रेमर यांच्या मागून घुसले, आणि क्रेमर यांच्या शेजारी ग्रेग होते.

नेमका तोच एक यार्ड २४ जानेवारी १९८२ च्या सुपर बोलमध्ये त्यांना नडला. तिसऱ्या सत्रात बेंगल्सना गोलरेषेपासून तीन यार्डांवर चार प्रयत्न मिळाले. पीट जॉन्सन हा थोराड धावपटू पहिल्यात दोन यार्ड पुढे गेला, दुसऱ्यात जागीच अडला. तिसऱ्यात झेल घेतलेल्या चार्ल्स अलेक्झांडरला डॅन बुन्झने रेषेच्या अलीकडे उभ्याउभ्या अडवले. चौथ्यात पुन्हा जॉन्सन, पुन्हा भिंत. सॅन फ्रान्सिस्को २६-२१ ने जिंकला.

डिसेंबर १९८३ मध्ये त्यांनी पॅकर्सची सूत्रे घेतली, तीही ज्यांचे वर्षानुवर्षे रक्षण केले त्या स्टार यांच्याकडून. चार हंगामांत २५ विजय, ३७ पराभव, एक बरोबरी. लोम्बार्डींची कडक शिस्त त्यांनी आणली, पण १९६० च्या दशकात ती पचवणारा संघही होता. १९८६ मध्ये शिकागोच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकून झाल्यावर उचलून आपटल्याबद्दल पॅकर्सच्या चार्ल्स मार्टिनला दोन सामन्यांची बंदी झाली. तेव्हा संघाच्या बेशिस्तीवर टीका झाली. नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक लीगमध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांची एकूण नोंद ७५-८५-१ अशी आहे. आकड्यांवरून प्रशिक्षक सामान्य वाटतो. मात्र लाइन बांधायला वेळ आणि माणसे मिळाली तेथे त्यांचा हात दिसतो.

सर्वांत अवघड काम त्यांनी त्यानंतर घेतले : आपल्याच जुन्या विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षकपद. खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल सदर्न मेथडिस्टचा १९८७ चा हंगाम रद्द झाला होता, १९८८ चा विद्यापीठानेच सोडला. ग्रेग यांच्या वाट्याला बहुतेक पहिल्या वर्षाची, अंगाने लहान मुले आली. १९ वर्षांच्या मुलाची लाइन २२ वर्षांच्यांपुढे उभी केली की काय होते, हे ह्यूस्टनविरुद्धच्या ९५-२१ अशा पराभवाने १९८९ मध्ये दाखवले. त्याच हंगामात कनेटिकटला मात्र त्यांनी शेवटच्या चेंडूवर ३१-३० ने हरवले. दोन हंगामांत ३ विजय, १९ पराभव. नंतर १९९४ पर्यंत ते विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. १९९४-९५ मध्ये कॅनेडियन लीगच्या श्रीव्हपोर्ट पायरेट्सचे प्रशिक्षक. २०११ मध्ये त्यांना कंपवाताचे निदान झाले. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले.