साम्बा शेअर: ‘ईए सपोर्ट’ आणि ‘स्ट्रीम्स_एक्सॲटर’ यांची गल्लत

साम्बा म्हणजे लिनक्स सर्व्हरवरचे फोल्डर विंडोजला नेटवर्कवरून ‘शेअर’ म्हणून देणारा प्रोग्राम. विंडोजमधून साम्बा शेअरवर फाइल टाकताना ‘प्रॉपर्टीजशिवाय कॉपी करायची का?’ अशी खिडकी उघडते. मग ॲडमिन एसएमबी.कॉन्फ या साम्बाच्या सेटिंग फाइलमध्ये ‘ईए सपोर्ट = यस’ लिहितो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, आणि खिडकी पुन्हा हजर. कारण ती बहुतेक वेळा स्ट्रीमबद्दल विचारत असते, ईएबद्दल नाही.

ईए (एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट) म्हणजे फाइलला चिकटवलेली नाव-आणि-मूल्य अशी छोटी जोडी. कल्पना ओएस/२ च्या काळातली. क्लायंटने, म्हणजे विंडोजच्या मशीनने, पाठवलेली ईए साम्बा सर्व्हरच्या डिस्कवर एक्सॲटरमध्ये (लिनक्स फाइलसिस्टिमची स्वतःची अशीच जोडी) ‘यूझर.’ हे उपपद लावून ठेवतो. २०१८ च्या ४.९ आवृत्तीपासून ‘ईए सपोर्ट’ हा पर्याय मुळातच चालू असतो, त्यामुळे नव्या सर्व्हरवर ती ओळ लिहून काही बदलत नाही. हिडन, रीड-ओन्ली या खुणा तिसऱ्याच पर्यायाचं काम: ‘स्टोअर डॉस ॲट्रिब्यूट्स’.

स्ट्रीम हा फाइलच्या पोटातला वेगळा मजकूर. नावानंतर कोलन देऊन तो उघडता येतो. त्यासाठी एसएमबी.कॉन्फमध्ये ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = स्ट्रीम्स_एक्सॲटर’ हवं; या ओळीने साम्बाला जादा मॉड्यूल जोडलं जातं. गोंधळ होतो तो इथे: हे मॉड्यूलही स्ट्रीम एक्सॲटरमध्येच ठेवतं, फक्त ‘यूझर.डॉसस्ट्रीम.’ या नावाखाली, आणि ईएच्या यादीतून साम्बा ही नावं मुद्दाम लपवतो.

तपासायचं असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एको’चं आउटपुट ‘टिपण.टीएक्सटी:खूण’मध्ये वळवा आणि ‘डीआयआर /आर’ चालवा. सर्व्हरवर त्याच फाइलवर ‘गेटएफॲटर -डी’ चालवलं की डॉसस्ट्रीमची नोंद दिसली पाहिजे.

खरी अडचण आकाराची. साध्या मांडणीच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर एका फाइलचे सगळे एक्सॲटर मिळून साधारण ४ केबीच्या एका ब्लॉकमध्ये बसावे लागतात. स्ट्रीम मोठा झाला की क्लायंटला ‘डिस्क भरली’ असा संदेश येतो, आणि सर्व्हरवर मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ कमांड मात्र शेकडो जीबी मोकळे दाखवते! एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर एका एक्सॲटरला ६४ केबीपर्यंत जागा मिळते. मोठ्या स्ट्रीमसाठी तेच बरं.

आणखी एक खड्डा: शेअरमधली ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स’ ओळ एसएमबी.कॉन्फच्या ‘ग्लोबल’ या सर्वसाधारण भागातल्या ओळीत मिसळत नाही, ती पुसून टाकते. साम्बा डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल आणि तिथे नुसतं ‘स्ट्रीम्स_एक्सॲटर’ लिहिलंत तर ‘डीएफएस_साम्बा४’ आणि ‘एसीएल_एक्सॲटर’ ही तिथली आधीची दोन्ही मॉड्यूल गेली. तिन्ही एकाच ओळीत लिहा. मॅकसाठी ‘फ्रूट’ मॉड्यूल लावत असाल तर ते स्ट्रीम्सच्या आधी.

बॅकअप ‘आरसिंक -ए’ या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडने घेत असाल, तर त्यात ईए आणि स्ट्रीम दोन्ही येत नाहीत. कॅपिटल ‘-एक्स’ वेगळा द्यावा लागतो.