जागेतला वाव : खासगी इस्टेटीच्या आखणीमागचा इतिहास

मोठ्या खासगी इस्टेटीची आखणी आज जमिनीच्या पाहणीपासून सुरू होते. उतार कुठे आहे, पाणी कुठून वाहतं, कुठली झाडं राखायची, हे आधी ठरतं. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मात्र बागांची आखणी करणारा आंद्रे ल नोत्र घरासमोर सरळ रेषा आखायचा आणि जमीन त्या रेषेत बसवायचा. वो-ल-व्हिकोंतची आणि पुढे व्हर्सायच्या राजवाड्याची बाग त्यातूनच उभी राहिली.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वारं सरळ रेषांकडून नैसर्गिक दिसणाऱ्या आखणीकडे फिरलं, आणि त्यात एका साध्या चराचा वाटा मोठा आहे. त्याला ‘हा-हा’ म्हणत. चराची घराकडची बाजू म्हणजे उभी भिंत, पलीकडची गवताळ उतार. चरणारी गुरं उतारावरून खाली येऊन भिंतीशी अडत. घरातून पाहणाऱ्याला ना कुंपण दिसे ना चर. हिरवळ थेट कुरणात मिसळलेली दिसे.

इंग्लिश बागरचनाकार लॅन्सलॉट ब्राउनने (१७१६–१७८३) याचाच विस्तार केला. ‘या जागेत वाव आहे’ असं तो मालकांना सांगे, म्हणून त्याचं नावच ‘केपेबिलिटी’ (म्हणजे वाव) पडलं. इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम इस्टेटीत अवाढव्य पुलाखालून ग्लाइम ही लहानशी नदी वाहत होती. १७६०च्या दशकात त्याने ती अडवली, पुलाचा खालचा भाग पाण्यात गेला आणि तळं नि पूल एकमेकांना शोभू लागले. पण डॉर्सेटमध्ये मिल्टन अ‍ॅबीच्या मालकाने आपल्या घराजवळचं अख्खं गाव पाडून दरीआड, नजरेबाहेर हलवलं. त्या कामातही ब्राउन होता. हे बाजूला ठेवून त्या हिरवळीचं कौतुक करणं मला जमत नाही.

१७८८ मध्ये या धंद्यात उतरलेला हम्फ्री रेप्टन मला जास्त जवळचा वाटतो. तो मालकाला लाल बांधणीची वही द्यायचा. त्यातल्या जलरंगी चित्रावर कागदाची एक झडप चिकटवलेली असे. झडप खाली असताना जागा आज आहे तशी दिसे; उचलली की पुढे होईल तशी. कुदळ पडायच्या आधीच मालकाला बदल डोळ्यांनी पाहता येई. आजचे ‘आधी-नंतर’चे आराखडे हेच करतात.

अमेरिकेत बिल्टमोर या खासगी इस्टेटीची जमीन १८८८ मध्ये भूदृश्यरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडपुढे आली, तेव्हा माती झिजलेली आणि रान तोडून विरळ झालेलं होतं. घराभोवती मर्यादित बाग, नदीकाठच्या सपाटीवर शेती आणि उरलेल्या जमिनीवर जंगल, असा सल्ला त्याने दिला. १८९२ मध्ये गिफर्ड पिंचोट तिथे वनव्यवस्थापक म्हणून रुजू झाला. त्या जंगलाचा मोठा भाग पुढे सरकारने विकत घेतला आणि त्यातून पिसगा राष्ट्रीय वन आकाराला आलं.