चोक बलून लावला की एसडब्ल्यूआर उतरतो? नाही हो भाऊ

आपल्या जळगाव-भुसावळकडच्या नव्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींत एक गोष्ट कित्येक वर्षं फिरतेय, की कोॲक्सचे (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलचे) पाच-सहा वेढे मारून टेप लावली की झाला चोक बलून, म्हणजे केबलवरचा नको तो करंट अडवणारी गुंडाळी, आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा) खाली आला म्हणजे तो काम करतोय. दोन्ही चूक आहे.

चोकचं काम मॅचिंगचं, म्हणजे अँटेना आणि केबलचा ओहमचा मेळ घालायचं, नाहीच. कोॲक्सच्या आतला करंट आतच राहतो, पण डायपोलच्या (दोन हातांच्या तारेच्या अँटेनाच्या) फीडपॉइंटला, म्हणजे केबल जोडतो तिथे, त्यातला काही भाग शील्डच्या (केबलच्या जाळीच्या) बाहेरच्या अंगाने खाली पळतो, मग कोॲक्ससुद्धा अँटेना होतो, घरातल्या पंख्या-चार्जरचा खरखराट रिसीव्हरमध्ये ओढतो आणि माइकला ओठ लागला की चटका बसतो. चोक फक्त ह्या बाहेरच्या करंटला अडवतो. एसडब्ल्यूआर बदलला तर त्याचा अर्थ एवढाच, की आधी कोॲक्सही त्या मापात घुसलेला होता.

आता वेढे. 10 सेंटीमीटर व्यासाचे सहा वेढे म्हणजे साधारण 5 मायक्रोहेन्री, 7.1 मेगाहर्ट्झला जेमतेम 200 ओहम, आणि तेही नुसतं रिॲक्टन्स (करंट अडवतं पण ऊर्जा खात नाही असा विरोध), जे कोॲक्सच्या लांबीनुसार उलट कॅन्सलही होऊ शकतं! त्यापेक्षा 31 मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) 240 साइजच्या टोरॉइडवर (गोल कड्यावर) आरजी-58 ह्या बारीक कोॲक्सचे 12 वेढे घ्या, 40 मीटरवर (म्हणजे ह्याच 7 मेगाहर्ट्झच्या बँडवर) काही हजार ओहम मिळतात आणि त्यात रेझिस्टन्सचा वाटा मोठा असतो, जो असा कॅन्सल होत नाही.

ट्रान्समिट करताना, पॉवर कमी ठेवून, कोॲक्सवरून हात फिरवून बघा. एसडब्ल्यूआर मीटरची सुई हलली तर करंट अजून बाहेर वाहतोय.