रुआ दिरैता (जुने गोवे)

रुआ दिरैता : जुन्या गोव्यातील (ता. तिसवाडी) पोर्तुगीज काळचा मुख्य रस्ता. नावाचा अर्थ ‘सरळ रस्ता’. मांडवीच्या धक्क्यावर उतरलेला माणूस व्हाइसरॉयच्या कमानीखालून शहरात शिरला की याच रस्त्याला लागे. व्हाइसरॉयच्या वाड्याच्या अंगाने जात तो मिझेरिकॉर्डिया या धर्मादाय संस्थेपाशी, सेरा मातेच्या चर्चजवळ संपे. दिवाडीच्या फेरीबोटीवरून उतरून कमानीतून वर येणारी आजची वाट साधारण त्याच रेषेत आहे. मात्र तिच्या कडेला त्या काळचे एकही घर उरलेले नाही.

शहर पोर्तुगीजांनी वसवलेले नव्हते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसु द आल्बुकेर्क याने ते आदिलशाहीकडून घेतले, तेव्हाही ते भरभराटीचे बंदर होते. होर्मुझकडून येणारे अरबी घोडे येथे उतरत आणि विजयनगर व विजापूर या दोन्ही दरबारांना विकले जात. १५३० मध्ये राजधानी कोचीनहून येथे आली आणि मुख्य रस्त्याचे महत्त्व वाढले. १५६५ मध्ये विजयनगर उद्ध्वस्त झाल्यावर घोड्यांचे मोठे गिऱ्हाईक गेले, तरी बाजार काही मोडला नाही.

त्या बाजाराचे सर्वांत बारकाईचे वर्णन यान हाउखेन फान लिन्सखोटेन या डच माणसाचे आहे. तो १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये छापले गेले. रविवार आणि सणावाराचे दिवस सोडून रोज सकाळी सात ते नऊ या वेळात येथे लिलाव चाले. उन्हे तापली की संपला. शहराने नेमलेले पुकारे सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या अंगावर लटकवून गर्दीतून फिरत. म्हणजे दुकान तेच आणि दुकानदारही तेच. मसाले, औषधी मुळ्या, ऊद-लोबान, खंबायत, सिंध, बंगाल आणि चीनमधले कापड व वस्तू, अरबी घोडे, आणि याच रांगेत गुलाम : बायका, पुरुष, लहानथोर, गुराढोरांसारखे विकायला उभे. कोणी मेला की त्याचे सामानही शेवटच्या चिजेपर्यंत येथेच विकले जाई. त्यातून व्हाइसरॉयचीही सुटका नव्हती. लिलावात स्वस्त पडलेला माल उचलून नंतर चढ्या भावाने विकणे हा कित्येकांचा धंदाच होता. आजूबाजूच्या गल्ल्यांत खंबायतचे वाणी, सोनार आणि स्थानिक हिंदू कापडवाले बसत, तर नाक्यानाक्यावर नाणी पारखणारे सराफ असत. पावसाळ्यात मांडवीचे मुख जहाजांना बंद होई. त्यामुळे बाजाराचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावरचा.

जुन्या गोव्याला ‘पूर्वेचे रोम’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो चर्चेस पाहून पडलेला आहे आणि तेवढ्यापुरता खराही आहे, पण शहराचे पोट या रस्त्यावर भरत होते. धर्मसत्तेची दहशतही दूर नव्हती : १५६० मध्ये आलेल्या इन्क्विझिशनचा (धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा) वाडा से कॅथेड्रलजवळच होता. गोवेकर त्याला ‘थोरले घर’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत.

ऱ्हासाला कारणे अनेक. सच्छिद्र जांभ्याच्या जमिनीत सांडपाणी मुरून विहिरी नासत आणि साथी वारंवार येत. डचांनी मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी केली, पुढे मलाक्का (१६४१) आणि कोचीन (१६६३) घेतले, तेव्हा व्यापाराचा कणाच मोडला. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी शहरालगतचे जुवे बेट घेतल्यावर राजधानी मुरगावला हलवण्याचे ठरले आणि तेथील बांधकामासाठी जुन्या इमारती पाडायला सुरुवात झाली. तो बेत पुढे बारगळला. व्हाइसरॉयने १६९५ मध्ये रायबंदरजवळच्या पणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीला बिऱ्हाड हलवले. रिकाम्या घरांचे चिरे पणजीच्या बांधकामाला गेले. व्हाइसरॉयचा जुना वाडा १८२० च्या सुमारास पाडला गेला. शत्रूच्या तोफांनी हा रस्ता पाडलेला नाही; तो सरकारनेच दगडादगडाने उचलून नेला. चर्चेस वाचली ती वापरात होती म्हणून. १८३५ मध्ये ख्रिस्ती साधूंचे धर्मसंघ बरखास्त झाल्यावर सोडून दिलेल्या सेंट ऑगस्टीन चर्चचे काय झाले ते त्याच्या अर्ध्या मनोऱ्यावरून दिसते.

पणजीला राजधानीचा दर्जा १८४३ मध्ये रीतसर मिळाला. जागतिक वारसा यादीत १९८६ मध्ये झालेली नोंद ‘गोव्यातील चर्चेस आणि कॉन्व्हेंट’ अशी आहे. त्यामुळे माहितीफलकांवर या रस्त्याला फारशी जागा मिळत नाही. शोधायचाच असेल तर कमानीपासून सुरुवात करावी. ती व्हाइसरॉय फ्रांसिश्कु द गामा याने आपला पणजोबा वास्को द गामा याच्या स्मरणार्थ १५९९ मध्ये उभारली. आज दिसते ती १९५४ मध्ये नव्याने बांधलेली आहे. तेथून थोडे वर, सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात, आदिलशाही वाड्याच्या दाराची काळ्या दगडाची चौकट उभी आहे. पुढे व्हाइसरॉय राहिले ते याच वाड्यात.