यखन्याचे नाव वंशावळीत कसे उरले

बायबलच्या नव्या करारातले मत्तयकृत शुभवर्तमान उघडले की पहिली सतरा वचने जवळपास नावांचीच. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला... बहुतेक जण ती ओलांडून थेट अठराव्या वचनावर, येशूच्या जन्मकथेवर जातात. तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको या यादीतल्या चौघींबद्दल प्रवचनांतून पुष्कळ ऐकायला मिळते. मला त्यांच्याहून अवघड वाटते ते यखन्याचे नाव.

यखन्या म्हणजेच यहोयाखीन. यिर्मया संदेष्टा त्याला कोन्या म्हणतो. अठराव्या वर्षी तो यहूदा राज्याच्या गादीवर आला आणि तीनच महिन्यांत, इ.स.पू. ५९७ मध्ये, बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने त्याला कैद करून बाबेलला नेले. या घराण्याचा मूळ राजा दावीद याला तर परमेश्वराचे वचन होते की तुझे घराणे कायम टिकेल (२ शमुवेल ७). त्याच घराण्यातल्या या राजाविषयी यिर्मया परमेश्वराचा शब्द सांगतो: कोन्या माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता तरी मी ती काढून टाकली असती, हा माणूस निःसंतान, असे लिहून ठेवा, त्याच्या वंशातला कोणी दाविदाच्या गादीवर बसायचा नाही (यिर्मया २२).

पण लिहिले गेले ते वेगळेच. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मातीच्या पाट्यांवर राजवाड्यातून दिल्या जाणाऱ्या तेलाचा हिशेब आहे. त्यात यहूदाच्या राजाचे नाव येते आणि पाठोपाठ त्याच्या पाच मुलांचा वाटा. शत्रूच्या कोठारातल्या कारकुनाला दाविदाच्या वचनाशी काय देणेघेणे! त्याने तेल मोजले आणि नोंद केली. १ इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायातही ‘बंदिवान’ यखन्याचे पुत्र नावानिशी दिले आहेत, आणि यादी तिथे न थांबता पुढच्या पिढ्यांत जाते.

इ.स.पू. ५२० मध्ये याच घराण्यातला जरुब्बाबेल यरुशलेमेत अधिपती होता. हाग्गय संदेष्टा त्याला सांगतो की परमेश्वर तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करील. आजोबा यखन्याच्या वेळी काढून टाकलेली तीच अंगठी. गादी मात्र परत मिळाली नाही. जरुब्बाबेल पारसी बादशहाचा चाकरच राहिला.

त्या काळी वंशावळ हा हक्काचा कागद होता. बंदिवासातून परतलेल्या काही याजक घराण्यांना आपली नोंद सापडली नाही, तर त्यांना याजकपणातून बाजूला ठेवले गेले (एज्रा २).

दाविदाच्या वंशाचा धागा यखन्याच्या आधीही एकदा तुटता तुटता राहिला होता. अथल्या राणीने राजवंश संपवायला घेतला, तेव्हा योवाश नावाचे एकच तान्हे बाळ वाचले. आत्याने त्याला पळवले आणि ते सहा वर्षे मंदिरात लपून वाढले (२ राजे ११). गंमत म्हणजे मत्तयाच्या यादीत हा योवाशच नाही. योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे मत्तय गाळतो, कारण त्याला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट हवे आहेत. इब्री अक्षरांच्या मूल्यांनी ‘दावीद’ या नावाची बेरीजही चौदाच भरते, म्हणून अनेक अभ्यासक त्याचा संबंध तिथे जोडतात.

योवाशला गाळणारा मत्तय यखन्याला मात्र गाळत नाही. बंदिवासाचे नाव घेऊनच तो पुढे जातो: बाबेलला देशांतर झाल्यावर यखन्याला शल्तीएल झाला.